जेवायचं राहून गेलं : वऱ्हाडातल्या चुकलेल्या जेवणाचा इतिहास

विषय वाचून काही जणांना वाटलं असेल की आज कुणी डॉक्टर बोलणार आहेत. मी डॉक्टर नाही, इतिहासाचा विद्यार्थी आहे. शरीराबद्दल आज जे सांगेन ते वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांत आणि छापून आलेल्या अभ्यासांत सापडेल तेवढंच. पण आमच्या इतिहासाच्या धंद्यात एक गंमत आहे. दुष्काळ म्हटला की आम्ही लगेच कागद-पेन घेऊन बसतो, आणि बरा पाऊस झालेल्या वर्षी एखाद्या बाईचं दुपारचं जेवण रोज चुकत असेल तर ते आमच्या कुठल्याच प्रकरणात बसत नाही. आज ते बसवून बघू.

भाषेपासून सुरुवात करतो. घरातला पुरुष म्हणतो, "मी आज जेवलो नाही." बाई बहुतेक वेळा असं म्हणत नाही. ती म्हणते, "जेवायचं राहून गेलं." वाक्यात कर्ताच नाही, बघा. जेवण आपणहून राहून गेलं! यवतमाळ जिल्ह्यात कापूस वेचणीच्या दिवसांत दुपारी तीन वाजता एखाद्या बाईला विचारा, "जेवल्या का?" उत्तर येईल, "नाई जी, ध्यानच नाई राह्यलं." शेजारच्या सरीतल्या बाईचंही ध्यान राहिलेलं नसतं, आणि तिच्या पलीकडचीचंही. दहा बायका एकाच वेळी एकच गोष्ट विसरत असतील, तर त्याला विसरभोळेपणा म्हणता येत नाही. त्यांचा दिवसच असा बांधलेला आहे की त्यात जेवणाला जागा उरत नाही. तर हा दिवस कुणी बांधला, आणि त्याचा हिशेब शरीर कुठे लिहून ठेवतं, एवढंच मला आज सांगायचं आहे.

वऱ्हाडातला शेतीचा जुना दिवस ज्वारीवर बेतलेला होता. सकाळची न्याहारी, शेतात शिदोरी, दिवस मावळल्यावर जेवण. भाकर, चून, ठेचा. हात आखडला की कण्या किंवा आंबील. मजुरीचा मोठा भाग धान्यात मिळे. सालदाराचं साल गुढीपाडव्याला ठरताना ज्वारी किती हेही ठरायचं. ज्वारी पेवात, म्हणजे जमिनीतल्या कोठारात, साठवली जायची. जुना काळ सुखाचा होता असं माझं म्हणणं नाही. ज्यांच्या वाट्याला शिळं-उरलंसुरलंच यायचं अशा जातींना तो कधीच सुखाचा नव्हता. मुद्दा इतकाच, की मजुरी आणि जेवण या दोन गोष्टींमध्ये तेव्हा बाजार उभा नव्हता.

तो आला कापसाबरोबर. 1853 मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आला, 1861 ते 1865 अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिथला कापूस थांबला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांनी वऱ्हाडाकडे पाहिलं. 1867 मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मूर्तिजापूर-यवतमाळ अशी अरुंद रुळांची गाडी आली, आपली शकुंतला. ती कापूस न्यायला आली होती. माणसं बसली ती नंतर. लक्ष्मण सत्या या इतिहासकाराने 'कॉटन अँड फॅमिन इन बेरार' या पुस्तकात वऱ्हाडातला कापूस आणि दुष्काळ एकाच चौकटीत ठेवून पाहिले आहेत. कापूस वाढला तसं धान्य विकत घेऊन खाणारं घर वाढलं, आणि ज्याच्या पेवात काही नाही त्याचं जेवण बाजारभावावर टांगलं गेलं.

मग 1896-97 चा दुष्काळ पडला आणि त्यातून उठतो न उठतो तोच 1899-1900 चा. संवत 1956 म्हणून गुजरात-राजस्थानात ज्याला छप्पनिया म्हणतात, तोच. तेव्हा आपल्या जिल्ह्याचं सरकारी नाव वणी होतं. यवतमाळ हे नाव 1905 मध्ये लागलं, पुसद तालुका जोडला गेला तोही त्याच फेरबदलात. वऱ्हाडची लोकसंख्या 1891 च्या जनगणनेत सुमारे 29 लाख होती, 1901 मध्ये ती साडेसत्तावीस लाखांवर आली. दहा वर्षांत माणसं वाढायची ती दीड लाखाच्या आसपास कमी झाली. हे सगळे भुकेने मेले असं म्हणता येत नाही. पटकी, हिवताप, हगवण यांनी बरेच नेले. पण उपाशी शरीरावर पटकी कशी चालून येते हे तेव्हाच्या डॉक्टरांनाही ठाऊक होतं.

दुष्काळी कामावर मजुरी किती द्यायची, हा प्रश्न सरकारपुढे त्याआधीच आला होता. ती गोष्ट वऱ्हाडातली नाही, 1877 च्या मुंबई आणि मद्रास इलाख्यातली आहे. पण पुढचे सगळे हिशेब तिच्यावरून सुरू झाले, म्हणून सांगतो. सर रिचर्ड टेंपल यांनी ठरवलं की खडी फोडणाऱ्या पुरुषाला दिवसाला एक रतल, म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम धान्य आणि वर एक आणा पुरेसा आहे. बाईला आणि कामावरच्या मुलाला त्याहून कमी. मद्रासचे आरोग्य आयुक्त डॉ. कॉर्निश यांनी विरोध केला. किमान दीड रतल धान्य आणि सोबत डाळ हवी असं त्यांचं म्हणणं. आपल्या बाजूला मजुरांनी काम सोडलं, संप केला, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू घेतली. उपाशी माणसांचा हा संप आपल्या शाळेच्या पुस्तकात एक-दोन ओळींत उरकतो. त्याला स्वतंत्र धडा हवा होता.

आता तुम्हाला अमेरिकेला नेतो, कारण टेंपलसाहेबांच्या या एका रतलाची परीक्षा नकळत तिथे झाली. 1944 च्या नोव्हेंबरमध्ये मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज नावाच्या शास्त्रज्ञाने 36 तरुण घेतले. युद्धावर जायला तत्त्वतः नकार दिलेले, धडधाकट, स्वखुशीने आलेले. दुसरं महायुद्ध संपत आलं होतं, युरोपात कोट्यवधी लोक अर्धपोटी होते, आणि त्यांना परत कसं खाऊ घालायचं हे कुणालाच नीट माहीत नव्हतं. या तरुणांना 24 आठवडे दिवसाला सुमारे 1,570 कॅलरी दिल्या. आता हिशेब करा : साडेचारशे ग्रॅम धान्यात किती कॅलरी असतात? सुमारे 1,600. म्हणजे मिनेसोटाच्या प्रयोगशाळेने ज्याला 'अर्धउपासमार' म्हटलं, जवळजवळ तेवढंच धान्य टेंपलसाहेबांनी खडी फोडणाऱ्याची रोजी म्हणून ठरवलं होतं. वरच्या आण्यात मीठ-मिरची, डाळ, सरपण सगळं. मिनेसोटाच्या तरुणांना आठवड्याला 22 मैल चालायचं होतं. खडी फोडायची नव्हती.

त्या तरुणांचं काय झालं? वजन सुमारे पावपट उतरलं. नाडी मंदावली, उन्हाळ्यातही थंडी वाजू लागली. शरीराने विश्रांतीतला खर्च सुमारे 40 टक्क्यांनी कापला. हे फार महत्त्वाचं आहे. कमी मिळालं की शरीर आधी घरातले दिवे विझवतं : अंगातली ऊब, उत्साह, कामेच्छा, हसणं. त्या तरुणांना खाण्याशिवाय काही सुचेनासं झालं. कुणी स्वयंपाकाची पुस्तकं जमवू लागला, कुणी ताट चाटू लागला. आळशी, चिडखोर, मख्ख : दुष्काळी कामांवर मजुरांना लावली जाणारी सगळी विशेषणं त्या सुशिक्षित अमेरिकन मुलांना लागू झाली. कामाच्या मापाप्रमाणे मजुरी, माप कमी भरलं की मजुरी कमी, हा तेव्हाच्या दुष्काळी कामांचा कणा होता. अर्धपोटी माणसाचं माप कमी भरणारच. मग त्याला आणखी कमी खायला द्यायचं!

दुष्काळ सोडू, कारण माझा विषय चांगल्या वर्षाचा आहे. कापूस भरपूर आला, भाव बरा आहे, जिनिंग धडधडतंय, अशा वर्षाचा.

दुपारची जेवणाची सुट्टी ही गोष्ट आपण आभाळातून पडल्यासारखी धरून चालतो. तीही मागावी लागली, आणि मागणारा आपला माणूस होता. नारायण मेघाजी लोखंडे. महात्मा फुल्यांचे सहकारी, 'दीनबंधू'चे संपादक. 1884 मध्ये मुंबईच्या साडेपाच हजार गिरणी कामगारांच्या वतीने त्यांनी जो अर्ज तयार केला त्यात रविवारची सुट्टी होती, वेळेवर पगार होता, आणि दुपारी अर्धा तास विश्रांती ही वेगळी मागणी होती. फक्त अर्धा तास! रविवारची सुट्टी 1890 मध्ये मिळाली आणि लोखंड्यांचं नाव तिच्याशी जोडलं गेलं, ते योग्यच. पण मला विचाराल तर तो अर्धा तासही तेवढाच मोठा आहे. 1891 च्या फॅक्टरी कायद्यात दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान अर्धा तास काम थांबवण्याचं कलम आलं. बायकांसाठी दिवसाला अकरा तासांची मर्यादा आणि एकूण दीड तासाची विश्रांती.

मग आपल्या जिनिंगवाल्या बायका सुटल्या का? नाही. वर्षातून चार महिन्यांहून कमी चालणारे कारखाने या कायद्यांच्या व्याख्येतच नव्हते. जिनिंग म्हणजे हंगामी काम. 1885 च्या मुंबईच्या फॅक्टरी कमिशनपुढे खानदेशातल्या जिनिंगबद्दल साक्षी झाल्या त्यात पहाटे चार-पाचपासून रात्री आठ-नऊपर्यंत चालणारं काम आहे, आणि गर्दीच्या दिवसांत त्याच त्याच बायका रात्रंदिवस उभ्या असल्याचंही आहे. साक्ष खानदेशातली आहे, यवतमाळची नाही. पण कापूस तोच, हंगाम तोच आणि कायद्यातली पळवाटही तीच. हे हंगामी कारखाने कायद्याखाली आले 1911 मध्ये. लोखंडे त्याआधीच, 1897 मध्ये, गेले होते.

आणि शेत? शेताला भोंगा नाही. शेत हा कारखाना नाही. तिथे अर्धा तास कुणाच्या बापाने लिहून दिलेला नाही. निंदण रोजंदारीवर असेल तर निदान सगळ्या बायका मिळून झाडाखाली बसतात, डबे सोडतात, एकमेकींची भाजी चाखतात. वेचणी मात्र किलोवर. किलोवर म्हटलं की प्रत्येक मिनिटाला वजन आलं. कमरेला बांधलेलं फडकं भरेपर्यंत वेचायचं, ते मोकळं करायचं, पुन्हा वेचायचं. जेवायला बसलं की अर्धा तास काट्यावर कमी भरतो. कुणी "जेवू नको" म्हणत नाही. शेतमालक म्हणत नाही, मुकादम म्हणत नाही. दरच म्हणतो. जेवायचं राहून जातं ते असं.

आता तिच्या शरीराकडे येऊ. तिचा दिवस घड्याळावर लावून बघा. रात्रीचं जेवण घरातल्या सगळ्यांचं झाल्यावर, म्हणजे नऊ-साडेनऊला. पहाटे पाचला उठणं, पाणी, चूल, डबे, सातला कोरा किंवा दुधाचा चहा, आठला शेतात. दुपारी दोनला जेवली तरी मधे सोळा-सतरा तास गेले. दोनला नाहीच जमलं आणि चारला जेवली तर अठरा-एकोणीस.

आपल्या यकृतात साखरेची एक साठवण असते, ग्लायकोजेन म्हणतात. मोठ्या माणसात सुमारे शंभर ग्रॅम. एकट्या मेंदूला दिवसाला सव्वाशे ग्रॅमच्या आसपास साखर लागते. म्हणजे हे पेव एका दिवसाचंही नाही. रात्रभरात ते बरंच रिकामं होतं. सकाळी वाकून काम सुरू झालं की उरलेलं वेगाने जातं. स्नायूंमध्येही साठवण आहे, पण तो हट्टी भाऊ आहे; आपल्यातलं रक्तात देत नाही, स्वतःच खर्च करतो. मग शरीर दोन गोष्टी करतं. चरबी जाळायला काढतं, आणि स्नायूंतली प्रथिनं मोडून यकृतात साखर बनवायला घेतं. चरबी असेल तर पहिलं बरंच निभावतं. जिच्या अंगावर मुळात चरबी नाही, जेवणात डाळ-अंडं नाही, तिच्या दंडाचंच मांस तिच्या डोक्याला साखर पुरवत असतं. एखाद्या दिवशी यात काही बिघडत नाही, माणसाचं शरीर त्यासाठीच घडलेलं आहे. हंगामाचे तीन महिने रोज, आणि असे वीस हंगाम, ही गोष्ट निराळी.

या मधल्या वेळात रक्तातली साखर फार पडू नये म्हणून अॅड्रेनॅलिन, कॉर्टिसॉल अशी संप्रेरकं वाढतात. हात थरथरणं, छातीत धडधड, घाम, चिडचिड, डोकं ठणकणं ही सगळी त्यांची चाहूल. आपण त्याला एकच नाव दिलंय : पित्त उठलं. अर्धशिशी असलेल्यांना तर चुकलेलं जेवण हमखास नडतं. एक गैरसमज मात्र दूर करतो. उपाशी राहिल्याने पोटात अल्सर होतो, असं सरसकट म्हणतात. अल्सरचं मोठं कारण हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू आहे. ऑस्ट्रेलियाच्या मार्शल आणि वॉरन यांनी तो 1982 मध्ये शोधला आणि 2005 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. दुसरं मोठं कारण दुखण्यावरच्या गोळ्या. आणि या गोळ्या आपल्याकडे कोण खातं? दिवसभर वाकून कंबर धरलेली बाई. कधी? जेवायच्या आधीच, कारण जेवणाचा पत्ता नाही आणि कंबर आत्ता दुखतेय.

तुम्ही म्हणाल, भूक लागली तर माणूस थांबेलच ना. इथे आपली भाषा फार हुशार आहे. आपण म्हणतो, "भूक मेली." पोटातून घ्रेलिन नावाचं संप्रेरक सुटतं, ते आपल्या नेहमीच्या जेवणाच्या वेळेला वाढतं, आणि आपण नाही जेवलो तरी थोड्या वेळाने ते खाली येतं. भुकेची लाट येते आणि ओसरते. गरज तशीच राहते, हाक बंद होते. म्हणून तीन वाजता ती बाई म्हणते "भूक नाही" तेव्हा ती खोटं बोलत नसते. आणि हाक लवकर बंद करायचे दोन स्वस्त उपाय आपल्याकडे आहेत. एक चहा, भरपूर साखरेचा. दुसरा खर्रा. सुपारी, तंबाखू, चुना घोटून केलेला खर्रा विदर्भात काय चीज आहे हे इथे सांगायला नको. व्यसन म्हणून त्याच्यावर बरंच बोललं जातं. निकोटिनने भूक कमी होते, आणि कामाच्या जागी जेवणाऐवजी तो तोंडात जातो, ही बाजू कमी बोलली जाते. मुलाबाळांचं पोट भरल्यावर उरेल तेवढंच आपलं असं मानणाऱ्या बाईला खर्रा स्वस्तात सोबत करतो. नंतर तो वसुली करतो तोंडाच्या आजारातून.

हे सगळं तिच्याच शरीरात संपलं असतं तरी पुष्कळ झालं असतं. ते संपत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा अभ्यास केला. त्यांचं खाणं मोजलं, आणि विशेष म्हणजे त्यांचं कामही मोजलं : पाणी आणणं, शेतातलं, घरातलं. ज्यांना कष्ट जास्त त्यांची बाळं आकाराने लहान निघाली. तिथल्या बाळांचं सरासरी वजन 2.7 किलोच्या आसपास, इंग्लंडमधल्या बाळांचं साडेतीन. पण चमत्कारिक गोष्ट पुढे आहे. ही बारीक बाळं सगळ्याच बाबतीत बारीक नव्हती. स्नायू कमी होते, चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. याज्ञिकांनी त्यांना 'बारीक-जाड' बाळं म्हटलं. पोटात असतानाच काटकसर शिकलेलं हे शरीर पुढे पोटभर मिळू लागलं की मधुमेहाकडे झुकतं. म्हणजे आज यवतमाळच्या दवाखान्यात साखर तपासायला आलेला पन्नाशीचा माणूस आणि पन्नास वर्षांपूर्वी गरोदरपणी शेतात राबणारी त्याची आई, यांच्यात एक धागा असू शकतो. प्रत्येक माणसाबाबत तो सिद्ध करता येत नाही. तरी आमच्यासारख्यांनी तो नजरेआड करू नये.

मधुमेहाचा विषय निघालाच आहे तर थोडं थांबतो, कारण समोर बसलेल्यांपैकी काहींच्या खिशात गोळ्या असतील. दिवसातून दोनदाच जेवा, हा डॉ. जगन्नाथ दीक्षित यांचा सल्ला महाराष्ट्रात घराघरांत पोचलाय. मूळ विचार आपल्या विदर्भातल्या डॉ. श्रीकांत जिचकारांचा, असं ते स्वतः सांगतात. कुणी म्हणेल, मग ती वेचणारी बाई दोनदाच जेवते, ती तर आदर्शच झाली! नाही हो. वजन वाढलेल्या, दिवसभर बसून काम करणाऱ्या माणसाने ठरवून, नीट जेवून, मधला चरखा बंद ठेवणं वेगळं. सतरा तासांनंतर अर्धी भाकर आणि ठेचा खाऊन पुन्हा उन्हात जाणं वेगळं. पत्ता वेगळा असलेलं पाकीट आपण उघडू नये. आणि ज्यांना ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू आहे त्यांनी, शेतात असोत की कचेरीत, औषध घेऊन जेवण राहू देणं धोक्याचं आहे. साखर एकदम पडते; माणूस बरळतो, कोसळतो, आणि लोक म्हणतात ऊन लागलं. अशांनी खिशात साखर ठेवावी आणि उपास-तापास डॉक्टरांना विचारून करावेत.

उपासाबद्दल एक वाक्य. एकादशी दुप्पट खाशी म्हणून आपणच आपली थट्टा केलीय. उपास ठरवलेला असतो, त्याला सुरुवात आणि शेवट असतो, साबुदाण्याची खिचडी असते, आणि घरात सगळ्यांना तो माहीत असतो. चुकलेल्या जेवणाचं यातलं काहीच नसतं.

2017 च्या पावसाळ्यात आपल्या जिल्ह्याचं नाव देशभर गेलं ते फवारणीमुळे. कपाशी त्या वर्षी माणसाच्या डोक्याएवढी वाढली होती, फवारा वर उडत होता आणि फवारणाऱ्याच्या तोंडावर येत होता. सुमारे आठशे लोकांना विषबाधा झाली, वीसहून अधिक माणसं गेली. विष कोणतं, पंप कसले, परवानगी कुणाची, यावर चौकशा झाल्या आणि व्हायलाच हव्या होत्या. त्या सगळ्याला मी जेवणाचं कारण लावत नाही. पण फवारणीच्या सूचनांच्या पत्रकात एक ओळ असते : उपाशीपोटी फवारणी करू नये. ती ओळ लिहिणाऱ्याचा हेतू चांगलाच आहे. फक्त फवारणी सकाळी वारा पडलेला असताना करायची असते, सकाळी मजूर चहा पिऊन निघालेला असतो, आणि त्याची रोजी पंपांच्या संख्येवर असेल तर पुढचं तुम्हीच जोडा. हातमोजे द्यायचे की नाही यावर पुष्कळ बोलणं झालं. सकाळी सातला न्याहारी कोण देणार, हे कुणी विचारल्याचं माझ्या वाचनात नाही.

आता याच जिल्ह्यातली उलटी गोष्ट, न जेवण्याची पण ठरवून. महागाव तालुक्यातलं चिलगव्हाण. तिथले शेतकरी साहेबराव करपे, गावचे सरपंच राहिलेले. 19 मार्च 1986 रोजी त्यांनी पवनारजवळ दत्तपूरला पत्नी आणि चार मुलांसह आयुष्य संपवलं. शेतकरी आत्महत्यांचा सार्वजनिक इतिहास महाराष्ट्रात बहुतेक जण या तारखेपासून मोजतात. 2017 पासून अमर हबीब आणि किसानपुत्र आंदोलन दर 19 मार्चला एक दिवसाचा अन्नत्याग करायला सांगतात. पुण्या-मुंबईत नोकरी करणारी, शेती सोडून गेलेली मुलंही त्या दिवशी जेवत नाहीत.

या अन्नत्यागाकडे मी जरा वेगळ्या नजरेने बघतो. एक दिवस म्हणजे यकृतातलं ते शंभर ग्रॅमचं पेव रिकामं होण्याचा अवधी. संध्याकाळी डोकं दुखतं, राग येतो, कामात लक्ष लागत नाही. शहरातल्या मुलाला एका दिवसापुरतं कळतं की त्याची आई ज्या अवस्थेत दुपारी तीनला कापूस वेचत होती ती अवस्था आतून कशी असते. आंदोलनाचा उद्देश हा नाही. त्यांची लढाई शेतकरीविरोधी कायद्यांशी आहे. तरी हा एक आडफायदा.

शेवटी सरकारने काय केलं तेही पाहू, कारण काहीच केलं नाही असं म्हणणं खोटं होईल. 1972 च्या दुष्काळात कामांवर सुकडी वाटली. आज सत्तरीत असलेल्यांना तिची चव आठवते, लाल मिलोची भाकर आठवते. त्यातून रोजगार हमी आली, वि. स. पागे यांची कल्पना, 1977 चा कायदा, 1979 पासून अंमल. मजुरीचा हक्क मिळाला, ही फार मोठी गोष्ट. 1995 मध्ये शाळेच्या पोषण आहाराची केंद्राची योजना आली, 2001 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेलंच जेवण द्या म्हणून सांगितलं. तेव्हापासून वेचणारीचा मुलगा दुपारी शाळेत गरम खिचडी जेवतो. त्याची आई दोन किलोमीटरवर शेतात असते आणि तिचा डबा बाभळीला टांगलेला असतो. 2015 मध्ये आदिवासी भागात गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचं चौरस जेवण देणारी अमृत आहार योजना आली. आपल्याकडे केळापूर, घाटंजी, मारेगाव, राळेगाव या तालुक्यांतली अनुसूचित क्षेत्रातली गावं त्यात येतात. भाकरी, भात, डाळ, पालेभाजी, अंडं किंवा केळं. योजना मला मनापासून आवडते, कारण जेवण शिजवून, समोर बसवून वाढायचं, असं सरकारी कागदावर फार क्वचित लिहिलेलं असतं. अडचण पुन्हा तीच. ताट गावात आहे आणि वेचणीच्या दिवसांत बाई शेतात आहे. जेवायला गावात यायचं तर तासभर जातो, आणि तास किलोवर मोजला जातो.

2005 च्या राष्ट्रीय रोजगार हमी कायद्याच्या परिशिष्टात कामाच्या जागी काय काय असलं पाहिजे याची यादी होती. पिण्याचं पाणी, लहान मुलांसाठी आणि विश्रांतीसाठी सावली, प्रथमोपचाराची पेटी, पाच किंवा अधिक लहान मुलं असतील तर त्यांना सांभाळायला एक बाई. यादी चांगली होती, विचार करून केलेली होती. त्यात जेवण नव्हतं. आणि वेचणी, निंदण, फवारणी ही खासगी शेतातली कामं असल्याने त्यांना ही यादीसुद्धा लागू नव्हती.

इथे थांबतो. मागच्या रांगेतल्या ताई मघापासून हात वर करून बसल्या आहेत, आधी त्यांचा प्रश्न घेऊ.